कल्पनाप्रधान निबंध आणि मानशीचे दार: नववीच्या एका वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित विद्यालयातला हा नववीचा वर्ग. शाळेचे माध्यम इंग्रजी, मराठी हा भाषाविषय. मुले चाळीसेक. त्यांतली बरीचशी गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली. घरात कोंकणी, आरतीत, कीर्तनात आणि जत्रेच्या नाटकात मराठी. नाटकात काम केलेली पाच-सहा मुले तरी वर्गात होतीच.

शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर खाजन आहे. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि आत भात पिकवायचे, अशी ही शेती. गोव्यात तिचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे पाण्याच्या वाटेवर बसवलेली लाकडी दारे. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती बंद होतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, येणारी निम्मी मुले रोज या शेतांच्या कडेने शाळेत येतात.

शाळा आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी या शाळेत विषय-मार्गदर्शक म्हणून जात असे आणि मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसत असे.

अडचण

जुलैमध्ये मराठीच्या टीचरनी ‘नदीचे आत्मवृत्त’ हा निबंध लिहायला दिला. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा ढिगातला जवळजवळ प्रत्येक निबंध ‘होय, मी नदी बोलतेय’ या वाक्याने सुरू होत होता. पुढे डोंगरातला जन्म, अवखळ बालपण, काठावरची समृद्ध गावे, मग प्रदूषण आणि शेवटी मानवाला कळकळीची विनंती. क्रमही तोच, विशेषणेही तीच. बाजारातल्या निबंधमालेतला मजकूर कोणी पूर्ण उतरवला होता, कोणी अर्धा. मांडवी आणि जुवारी यांच्यामध्ये राहणाऱ्या या मुलांपैकी एकानेही नदीला नाव दिले नव्हते.

हा निबंधप्रकार कल्पनाप्रधान म्हणून शिकवला जातो. टीचरना वाईट वाटले ते याचे. व्याकरण पाठ करावे लागते हे त्या समजू शकत होत्या, पण कल्पनाही पाठ करून लिहिली जावी याने त्या अस्वस्थ झाल्या. स्टाफरूममध्ये बोलणे निघाले तेव्हा निदान ठरलेलेच होते: मोबाइलने मुलांची कल्पनाशक्ती गेली.

मला हे निदान पटले नाही. याच वर्गातली मुले दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा करतात. गाडीच्या वायपरची मोटर लावून त्याची मान फिरवतात, सुके गवत, तारा आणि रद्दी यांतून दहा-बारा फुटांचे धूड तोलून धरतात, आणि पाऊस आला तर काय याचीही तयारी ठेवतात. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधताना कोणते रानफळ कुठे शोभेल यावर घरच्या मोठ्यांशी वाद घालतात. कल्पना होती. ती मराठीच्या वहीपर्यंत पोहोचत नव्हती, आणि का पोहोचत नाही हा खरा प्रश्न होता.

टीचर आणि मी वह्या समोर ठेवून बसलो तेव्हा तीन कारणे दिसली. पहिले, वहीत जे उतरते तेच तपासले जाते. कच्चे काम करायला जागाच नाही, त्यामुळे मूल पहिल्याच ओळीपासून सुरक्षित खेळते. दुसरे, निबंधमालेतल्या मजकुराला बरे गुण मिळतात हा त्यांचा अनुभव आहे आणि तो खरा आहे. तिसऱ्या कारणाकडे आम्ही दोघांनीही सुरुवातीला कमी लक्ष दिले: ‘नदी’ या सर्वसाधारण विषयाबद्दल मुलांना स्वतःचे असे काही ठाऊक नव्हते. ज्याबद्दल ठाऊक नाही त्याबद्दल नवे सुचणार कुठून?

विचारात घेतलेले पर्याय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सर्जनशीलता आणि चिकित्सक विचार यांवर भर आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांनाही शाळेत काहीतरी सुरू करायचे होतेच. चार पर्याय पुढे आले.

बाहेरचा प्रशिक्षक बोलावून दोन दिवसांची कार्यशाळा घेणे सर्वांत सोपे होते. फोटो निघतात, अहवाल होतो. पण सोमवारी वर्ग जिथे होता तिथेच सापडतो, हे शाळेने इतर विषयांत पाहिले होते. शाळा सुटल्यावर मंडळ चालवण्याचा विचार एका वाक्यात संपला, कारण सुटल्यावर दहा मिनिटांत बालरथ निघतो आणि तो चुकला तर वाड्यावरच्या मुलांना घरी जायला सोय नाही. तिसरा पर्याय शनिवारच्या एका तासाला ‘सर्जनशीलतेचा तास’ म्हणायचे. चौथा, मराठीच्या नेहमीच्या तासातच लेखन शिकवण्याची रीत बदलायची.

चौथ्या पर्यायाला मुख्याध्यापकांचा आक्षेप सरळ होता. “पोर्शन कधी पुरा करणार तुम्ही?” म्हणून शनिवारपासून सुरुवात करायचे ठरले.

पहिला टप्पा: शनिवारचा तास

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये आपल्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाची गरज मांडली. एखाद्या साध्या वस्तूचे सुचतील तितके उपयोग सांगा, हा प्रकार त्यांच्याच कामातून रूढ झाला. पुढे ई. पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये चाचण्या प्रसिद्ध केल्या. किती कल्पना सुचतात, किती वेगवेगळ्या प्रकारच्या असतात, किती विरळ असतात आणि किती तपशिलाने फुलवल्या जातात, अशा चार अंगांनी त्या उत्तरे बघतात. टीचरनी हेच घेतले. वस्तू निवडली नारळाची करवंटी.

तास रंगला. पणती, कळसूत्री बाहुलीचे डोके, मिरचीचे रोप लावायची कुंडी, दळण मोजायचे माप, भजनात टाळ नसेल तर टाळ. पुढच्या शनिवारी जुनी छत्री, मग सायकलचा टायर. मुले वाट बघू लागली.

महिन्याभराने टीचरनी वर्गात परत निबंध दिला, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. निबंध पुन्हा तेच आले. शनिवारी टायरचे ढीगभर उपयोग सांगणाऱ्या मुलाच्या पावसातही ‘वसुंधरेने हिरवा शालू’ नेसलेला होता.

संशोधकांमध्ये हा जुना वाद आहे. सर्जनशीलता ही कुठेही वापरता येणारी एकच शक्ती आहे की त्या त्या क्षेत्रातल्या ज्ञानाशी बांधलेली? जॉन बेअर यांच्यासारखे अभ्यासक दुसरी बाजू आग्रहाने मांडतात. एका वर्गावरून वाद सुटत नाही, पण या वर्गात तरी करवंटीवरची चपळाई निबंधात आली नाही एवढे स्पष्ट दिसले.

निर्णयाचे पहिले वळण इथे आले. शनिवारचा तास चालू ठेवणे सगळ्यांच्या सोयीचे होते: मुले खूश, मुख्याध्यापक खूश, पोर्शनला धक्का नाही. टीचरनी तो बंद करायचे ठरवले आणि त्याऐवजी मराठीच्या आठवड्यातल्या तासांपैकी एक तास मागितला. मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या सुटीपर्यंतची मुदत दिली. मला त्या निर्णयाचे आजही कौतुक वाटते, कारण मुलांना आवडणारी गोष्ट बंद करून अवघड गोष्ट सुरू करायला शिक्षकाचा पाय सहसा उचलत नाही.

दुसरा टप्पा: मानशीपाशी

विषय नदीचाच ठेवायचा, पण नाव-गाव असलेला, असे ठरले. समाजशास्त्राच्या सरांनी मानस सुचवली. जायचे केव्हा, हे ठरवायलाच बरेच दिवस गेले. जुलै-ऑगस्टच्या पावसात बांध निसरडा, म्हणून चवथीनंतर. शिवाय शाळेच्या वेळेत भरतीचे वळण यायला हवे होते, कारण दारे मिटताना बघायची होती. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते हे मुलांनी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून स्वतः काढले आणि दिवस त्यांनीच ठरवला. या कामाला कोणी सर्जनशील म्हणणार नाही. पुढे जे झाले त्याचा पाया मात्र इथे पडला, असे माझे मत आहे.

मानशीवर राखण करणारे काका भेटले. उधाणाला पाणी किती चढते, खेकडे बांधाला भोके पाडतात ती कशी शोधायची, दाराचे लाकूड कुठून आधी कुजते, मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, कशी होते, हे त्यांनी सांगितले. शाळेत उत्तर न देणारा एक मुलगा, ज्याच्या घरची खाजनात शेती आहे, काकांना मध्येच दुरुस्त करत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न फळ्यावर आला: मानशीचे एक दार मोडले आहे. सुतार नवे दार पंधरा दिवसांनी देणार. तोपर्यंत काय कराल?

टीचरना आधी गट करून चर्चा घ्यायची होती. अलेक्स ऑसबर्न यांनी गेल्या शतकाच्या मध्याला लोकप्रिय केलेले ब्रेनस्टॉर्मिंग आपल्याकडे प्रशिक्षणात असेच शिकवतात: सगळे मिळून, मोठ्याने, टीका न करता. पण डील आणि स्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवले की एकत्र बसून बोलणाऱ्या गटापेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने विचार करून काढलेल्या कल्पना जास्त भरतात. मुख्य कारण असे की एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि त्या थांबण्यात त्यांचे सुचलेले निसटते. वर्गात तर ठरावीक चौघेच बोलतात. म्हणून आधी पाच मिनिटे प्रत्येकाने गप्प बसून लिहायचे, मग गट, असा क्रम लागला.

आणि तो बांधावरचा मुलगा उभा राहिला. “टीचर, हांव कोंकणींत सांगूं?”

हे दुसरे वळण. तास मराठीचा होता. टीचर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सांग. आणि लिहायचं असेल तर यादी कोंकणीत लिही. निबंध मराठीत.” तासानंतर त्यांना शंका वाटत होती की हे बरोबर केले का. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. ज्या भाषेत मूल बांधावर बोलते त्या भाषेत त्याला आधी विचार करू दिला. मग तो मराठीत आणताना शब्द शोधावे लागले, आणि ते शोधणे हेच मराठीचे शिक्षण झाले. ‘पोंय’, ‘रेवें’ असे कोंकणी शब्द मुलांनी मराठीत समजावून दिले तेव्हा त्यांची वाक्ये निबंधमालेसारखी होऊच शकत नव्हती.

कल्पना आल्या. मातीच्या गोणी रचायच्या. माडाच्या फळ्या ठोकायच्या. मोडकी होडी आडवी घालून तिच्यात चिखल भरायचा. होडीच्या कल्पनेला टाळ्या पडल्या आणि टीचरनी ती फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली. तेवढ्यात मागून एका मुलीचा आवाज आला, “पूण पावसाचें उदक खंय वतलें?”

म्हणजे, पावसाचे पाणी जाणार कुठे? बाहेरचे खारे पाणी आत येऊ नये एवढेच सगळ्यांनी धरले होते. आतले गोडे पाणी बाहेर जायला वाट हवी, नाहीतर शेत आतूनच बुडेल, हे कोणाच्या यादीत नव्हते. गोणी, फळ्या, होडी, सगळेच उपाय वाट कायमची बुजवणारे. वर्ग गप्प झाला, मग एकदम गलका. प्रश्नच बदलला: पाणी अडवायचे कसे, याऐवजी एका बाजूने अडेल आणि दुसऱ्या बाजूने सुटेल असे काय टांगता येईल?

नव्या प्रश्नाची उत्तरे निराळी होती. फलकाचे जुने रेक्झिन चौकटीला वरून टांगायचे. ज्याच्या घरी पूर्वी खाणीवरचा ट्रक होता त्या मुलाने कन्व्हेयर बेल्टचा जुना रबर सुचवला. जाड असतो, पाण्यात कुजत नाही, वजनाने खाली लोंबतो. काकांना विचारायला दोघे गेले. काका म्हणाले, नुसता रबर पाण्याच्या दाबाने आत ढकलला जाईल, मागे लाकडी पट्ट्या लावा. मुलांनी चित्रात पट्ट्या लावल्या.

पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०२२ मध्ये प्रथमच सर्जनशील विचार तपासला गेला. तिथे त्याचे तीन भाग धरले आहेत: वेगवेगळ्या कल्पना काढणे, नव्या कल्पना काढणे, आणि कल्पना तपासून सुधारणे. आपल्या शाळांमधले उपक्रम बहुधा पहिल्या भागाशी थांबतात. ‘कोणाचीही कल्पना चूक नाही’ असे म्हणून तास संपतो. इथे होडीची कल्पना चूक निघाली, तिला चूक म्हणणारी एक मुलगी होती, आणि त्यामुळेच रबराची कल्पना आली. चूक म्हणायला आधार लागतो. तो तिला बांधावर उभे राहून मिळाला होता.

खोडायचे की पुढे न्यायचे

लेखनाच्या तासाला टीचरनी नियम केला: जी कल्पना तिघांपेक्षा जास्त जणांच्या यादीत असेल ती खोडायची. विरळ ते नवे, या टॉरन्सच्या कसोटीचे हे घरगुती रूप. आठ-दहा मुलांना याने खरोखर चालना मिळाली. पण एका मुलीची पूर्ण यादी खोडली गेली. ती नेहमी चांगले गुण मिळवणारी, अक्षर सुरेख. त्या दिवशी तिने पुढे काहीच लिहिले नाही, आणि पुढच्या तासाला पोटात दुखते म्हणून घरी राहिली.

इथे दोन मते होती. एक असे की थोडे टोचल्याशिवाय सवय मोडत नाही, नियम राहू द्यावा. टीचरनी तो बदलला. सगळ्यांच्या यादीत असलेली कल्पना खोडायची नाही, तिच्याभोवती गोल करायचा आणि “मग?” असे तीनदा विचारून तीन पावले पुढे न्यायची. त्या मुलीच्या यादीत ‘दार म्हातारे झाले आहे’ असे होते, जे वर्गातल्या बहुतेकांनी लिहिले होते. मग? त्याला आता भरती आधीच कळते. मग? लाकडाला चिरा पडल्यात, पाणी चढण्याआधी त्यांत वारा वाजतो. मग? काकांना घड्याळ लागत नाही. तिचा निबंध या तीन उत्तरांवर उभा राहिला. नावीन्य दुर्मीळ विषयातच असते असे नाही, नेहमीच्या विषयाशी जास्त वेळ थांबल्यावरही ते हाती लागते. हा बदल झाला नसता तर वर्गातल्या सावध मुलांना आपण कायमचे दूर केले असते असे मला वाटते.

गावातला वाद वर्गात आणायचा का

मासे धरण्याची पावणी घेणाऱ्याला खारे पाणी आत आलेले बरे असते, कारण त्याबरोबर मासळी येते. शेतकऱ्याला ते नको असते. गोव्यातल्या अनेक खाजनांत ही ओढाताण आहे, आणि वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले होती. दाराच्या तोंडून लिहायचे तर हा विषय येणारच. समाजशास्त्राच्या सरांचे म्हणणे, टाळा. उद्या कोणाचा तरी बाप शाळेत येईल. टीचरनी मधला मार्ग काढला: व्यक्तीचे नाव, आडनाव, वाड्याचे नाव येणार नाही, आणि प्रत्येकाने आपल्या घरची नसलेली बाजू लिहायची.

कोणी शाळेत आले नाही. एका मुलाने लिहिले: “माझ्या एका गालाला खारं पाणी लागतं, दुसऱ्याला गोडं. दोघंही म्हणतात, तू आमच्याकडे झुक. मी झुकत नाही. मला पाणी झुकवतं.” त्याच्या घरी भात आहे आणि त्याने मासेवाल्याची बाजू अर्धे पान मांडून हे वाक्य लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. टीचरनी ते वर्गात वाचून दाखवले तेव्हा त्याने मान खाली घातली होती, पण तास संपल्यावर वही परत मागून घेतली.

गुणांचा प्रश्न

या काळात टीचरनी वहीत गुण दिले नाहीत, फक्त शेरे लिहिले. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची गोडी आणि कामगिरी सुधारली. ज्यांना गुण आणि शेरे दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्यांचा फारसा उपयोग झाला नाही. वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल: वही हातात पडली की मूल आकडा बघते, शेजाऱ्याचा आकडा बघते, वही मिटते.

पालकसभेत मात्र हाच मुद्दा पेटला. एक पालक निबंधमाला घेऊनच आले. दहावीला बोर्डाचा पेपर आहे, तिथे मानस विचारणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि टीचरनी ते खोडून काढायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी दोन वह्यांचा तोडगा मांडला. एक कच्ची वही, तिला गुण नाहीत. दुसरी पक्की, तिच्यात पंधरवड्यातून एकदा परीक्षेच्या नमुन्याचा निबंध, नेहमीप्रमाणे गुण. कच्च्या वहीतला एक तरी तपशील पक्क्या वहीत आलाच पाहिजे, एवढी अट. निबंधमाला आणलेल्या पालकांनी शेवटी विचारले की कच्ची वही ते घरी बघू शकतात का. टीचर म्हणाल्या, मुलाने दाखवली तर.

निष्पत्ती

दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत ‘मी वडाचे झाड बोलतोय’ असा निबंध होता. वर्गातल्या सुमारे एक चतुर्थांश मुलांनी स्वतःच्या माहितीतले झाड घेतले: देवळापुढचे, बसस्टॉपवरचे. तितक्याच मुलांनी सुरुवात निबंधमालेची ठेवून मधला परिच्छेद स्वतःचा लिहिला. उरलेल्या निम्म्या वर्गाने पूर्वीसारखेच लिहिले. परीक्षेच्या दडपणाखाली माणूस ओळखीच्या वाटेला लागतो, त्यामुळे मला हे निराशाजनक वाटले नाही. पण यश म्हणून सांगायचे तर ते एवढेच आहे आणि ते फुगवून सांगू नये.

गुण घसरले नाहीत. पावसाच्या पाण्याचा प्रश्न विचारणारी मुलगी विज्ञानाच्या तासालाही प्रश्न विचारू लागली. विज्ञानाच्या टीचरनी आधी कुरकूर केली, मग नाही. बांधावरच्या मुलाचे शुद्धलेखन तसेच आहे, पण वही कोरी राहत नाही. पोर्शन मागे पडला होता तो जानेवारीत दोन जादा तासांत भरला. विज्ञान-गणिताच्या शिक्षकांनी ही पद्धत उचलली नाही.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव पुराव्याची. जुलैच्या वह्या मुलांना परत दिल्या गेल्या आणि त्यांच्या प्रती ठेवल्या नाहीत. त्यामुळे कोणात किती बदल झाला हे टीचरच्या आठवणीवर आणि माझ्या टिपणांवरच सांगावे लागते. सुरुवातीला दहा वह्यांचे फोटो काढून ठेवले असते तरी पुरते.

शनिवारचा महिना लवकर थांबवता आला असता. करवंटीचे खेळ वाईट नाहीत. तासाची सुरुवात म्हणून पाच मिनिटांना ते छान आहेत. त्यांनाच शिक्षण समजण्यात वेळ गेला.

गटात पेन कोणाकडे, याकडे दुर्लक्ष झाले. ज्याचे अक्षर चांगले त्याच्याकडे कागद जाई, आणि लिहिणारा आपल्याला न पटलेली कल्पना सहज गाळत असे. होडीच्या गटातल्या एका मुलाने नंतर सांगितले की पाण्याला वाट ठेवा असे तो आधीच बोलला होता, लिहिणाऱ्याने घेतले नाही. दर दहा मिनिटांनी पेन फिरवणे हा साधा उपाय होता.

पालकांना जूनच्या सभेतच सांगायला हवे होते. गुण नसलेली वही घरी अचानक पोहोचली की काळजी वाटणारच. आणि शाळेच्या स्वतःच्या घटक चाचणीत, जिथे प्रश्न शाळाच काढते, एक प्रश्न या नव्या धर्तीचा पहिल्या सत्रापासून ठेवता आला असता. बोर्डाचा पेपर आपल्या हातात नाही, घटक चाचणी आहे. मुख्याध्यापकांना हे दुसऱ्या सत्रात पटले.

यंदाच्या नववीला जूनमध्येच दोन वह्या दिल्या आहेत. पालकसभेत गेल्या वर्षीच्या दोन मुलांनी आपल्या कच्च्या वह्या वाचून दाखवल्या. मानशीची भेट पुन्हा चवथीनंतरच आहे; या वेळी विज्ञानाच्या टीचर क्षारता मोजायला सोबत येणार आहेत, आणि प्रश्न मोडक्या दाराचा नसेल. तो काय असावा हे ठरवायला टीचरनी बांधावरच्या त्या मुलाला, जो आता दहावीत आहे, मधल्या सुटीत बोलावले आहे.